अर्धा चमचा पाक

तळ्याकाठच्या त्या लॉजच्या वेबसाइटवर पेटलेल्या स्टोव्हचा मोठा फोटो होता. त्याच एका फोटोला भुलून देविकाने बुकिंग केलं होतं. ऐन जानेवारीत दोन ट्रेन, एक बस आणि शेवटी मालकीणबाईंची चिखलाने माखलेली गाडी असा प्रवास करून ती स्कॉटलंडच्या त्या वरच्या टोकाला पोचली. हातपाय गारठले होते, नाक लाल झालं होतं. आता तो स्टोव्ह आणि आपण, बाकी काही नको, असं म्हणत तिने स्वयंपाकघराचं दार ढकललं...

स्टोव्ह पेटलेला होता, पण खिडकी सताड उघडी होती! आणि स्टोव्हपाशी कानटोपी घातलेला एक उंच तरुण परातीत चक्क बोटं घालून बसला होता.

"कॅन वी क्लोज द विंडो, प्लीज?" देविकाने शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं.

"सॉरी," तो वर न बघताच म्हणाला. "नॉट येट. इट नीड्स द कोल्ड."

कशाला थंडी पाहिजे याला? देविका तणतणत पुढे झाली आणि परातीत डोकावली. पांढरे तीळ. त्याने एक भरलेला चमचा पाक त्यांवर सोडला आणि बोटांच्या टोकांनी ते सगळे हलके हलके फिरवायला लागला. पाक सुकत गेला, तीळ किंचित जास्त पांढरे दिसू लागले.

"हलवा?" तिच्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही हलवा करताय?"

त्याचे हात थांबले. त्याने आधी घसा खाकरला, मान किंचित वाकडी केली आणि मग शब्द एकेक करून बाहेर आले. "तू... मराठी आहे?"

"हो. तुम्हीही?"

"तुम्ही म्हणजे माझे बाबा." तो हसला. "मी मिहीर. तू बोल फक्त. आणि खिडकी बंद केला तर काटा येत नाही. सॉरी. खरंच."

तर अशी ही पहिली भेट. तिने आपलं नाव सांगितलं, अंगात दुसरा स्वेटर चढवला, चहा केला, आणि रागावून खोलीत निघून जाण्याऐवजी कप घेऊन तिथेच बसली. परातीतलं काही बघायचं होतं असं नाही. समोर कोणीतरी बसलंय आणि आपणही बसलोय, हे तिच्या बाबतीत फार दिवसांत घडलं नव्हतं.

मिहीरचा जन्म लीड्सचा. आईवडील दोघंही डॉक्टर, नोकरीसाठी इकडे आले ते इथलेच झाले. त्याच्या आईने, सुमनताईंनी, सुरुवातीच्या एका हिवाळ्यात याच लॉजवर सहज म्हणून हलवा करून पाहिला आणि त्याला असा काही काटा फुटला की तेव्हापासून दर जानेवारीत सगळं कुटुंब परात घेऊन इथे येऊ लागलं. लीड्समधल्या ओळखीच्या प्रत्येक नव्या नवरीचे दागिने आणि प्रत्येक बाळाचं बोरन्हाण त्या हलव्यावर पार पडत आलं होतं.

"माझे फ्रेंड्स स्कीइंगला जायचे," मिहीर म्हणाला. "आम्ही तीळ बघायला यायचो."

"आणि या वर्षी एकटाच?"

"आईचा हात आता शेक होतो." त्याने स्वतःचा हात थरथरवून दाखवला आणि लगेच खाली घेतला. "आणि माझी बहीण आहे ना, तिच्या बेबीचं पहिला बोरन्हाण आहे. आई म्हणाली, विकत आणू या. मी म्हणालो, नो वे."

त्याच्या व्याकरणाची पार दाणादाण उडत होती. पण प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरून, जुळवाजुळव करून तो ज्या नेटाने बोलत होता, ते बघून देविकाला हसू आलं तरी चेष्टा करावीशी वाटली नाही.

"तू सांग," तो म्हणाला. "इथे विंटरमध्ये कोणी एकटं येत नाही."

"बघायचं राहिलं होतं," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली.

खरी गोष्ट अशी होती, की दोन वर्षांपूर्वी देविका नागपूरहून एडिनबराला नोकरीसाठी आली, ती आपल्या खोलीतच राहिली. टीम सगळी घरून काम करणारी. शेजारी दारात भेटले की हवेबद्दल बोलत आणि आत जात. शनिवार-रविवारी तिच्याशी बोलायचं ते फक्त सुपरमार्केटातलं बिलाचं मशीन. पहिल्याच महिन्यात आईने फोनवर विचारलं होतं, "तिथे तुला कोणी आहे का गं?" आणि आईचा आवाज असा काही भरून आला, की देविकाने घाईघाईने चार नावं सांगून टाकली. नकुल, कुश, सारा आणि तनू.

नावं सांगणं सोपं होतं, पुढे त्यांना पोसावं लागलं. दोन वर्षं ती या चौघांचे वाढदिवस करत होती, त्यांच्याबरोबर सहलींना जात होती. तनूचं लग्न मोडलं तेव्हा तिने तिला धीर दिला होता. कुशचं तर गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा तिने पार पाडलं होतं.

आता कंपनीने नागपूरच्या ऑफिसात परत येतेस का विचारलं, आणि तिने हो म्हणून टाकलं. महिनाअखेरचं विमान होतं. ऑफिसच्या ग्रुपवर तिने ही बातमी टाकली तर काही अंगठे आले, एक फुलांचा गुच्छ आला, आणि खाली लगेच कोणीतरी मीटिंगची लिंक टाकली. जाण्याआधी आईला रंगवून सांगितलेल्या सहलींपैकी निदान एक तरी खरी करावी, म्हणून ती इथे आली होती.

त्याच संध्याकाळी गंमत झाली. लॉजवर वायफाय म्हणाल तर फक्त स्वयंपाकघरात. आईचा व्हिडिओ कॉल आला आणि देविकाला तिथेच उचलावा लागला. मिहीर कोपऱ्यात परातीशी होता. आता तो नसल्यासारखं वागायचं, दुसरं काय!

"काय करून राहिली?" आईने विचारलं. "सगळे कुठे गेले?"

"आत आहेत. पत्ते खेळतायत." देविकाने आवाज अगदी खाली आणला.

"इतकी सामसूम? तुमची नं एवढी गँग असून आवाज कसा नाही?"

देविकाच्या तोंडचं पाणी पळालं. मिहीरने वर पाहिलं. त्याने बघितलं ते तिच्या चेहऱ्याकडे, मग रिकाम्या टेबलाकडे, मग तिच्या एकुलत्या एका कपाकडे. तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. एका अनोळखी माणसासमोर हे असं उघडं पडावं...

तेवढ्यात कोपऱ्यातून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"देविका! पत्ते वाटला! ये ना!"

"हा नकुल का गं?" आईचा चेहरा उजळला.

"हो... नकुल."

पुन्हा खाकरणं, आणि आता जरा खर्जातला आवाज. "माझा चहा कुठे आहे?"

"आणि हा कुश," देविका म्हणाली. तिचे ओठ हसू दाबता दाबता थरथरायला लागले होते.

"त्याचा गुडघा कसा आहे, विचार."

मिहीरने डोळे विस्फारले. मग खाली वाकून स्वतःचे दोन्ही गुडघे तपासून पाहिले. "एकदम फर्स्ट क्लास, काकू! थँक यू!"

फोन बंद झाल्यावर देविका हसत सुटली. हसता हसता कधी रडायला लागली ते तिचं तिलाच कळलं नाही. मिहीरने परात खाली उतरवली, हात धुतले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच खिडकी लावली.

"सारा आणि तनू मला जमणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "दोन बॉइजपर्यंत ठीक आहे."

मग तिने सगळं सांगितलं. दोन वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं ते. नागपूरला परत जाण्याचंही सांगितलं.

"सुट्टीला?"

"कायमची. इथून रविवारी निघेन, मग महिनाअखेरीस विमान."

त्याने मान हलवली. "ओके," तो म्हणाला. मग स्टोव्हमध्ये एक लाकूड सारलं. "मराठी लोक माझं मराठी ऐकून हसतात. इंग्लिश फ्रेंड्सना हलवा कळत नाही. पाच दिवस हे परातसमोर बसतो, आणि सांगायला कोणी नसते. सो... आय नो. थोडंसं."

दुसऱ्या दिवशी त्याने परातीची एक बाजू तिला दिली. "बोटं अशी. दाबायचा नाही. फक्त फिरव." आणि त्याने चमच्यात पाक घेतला. अर्धाच चमचा.

"काल भरून घातला होतास ना?"

"काल सुरुवात होती," तो पटकन म्हणाला. "आता हळू."

तिला काय कळणार? तिच्या घरी हलवा पुडीतून यायचा. अर्धा चमचा तर अर्धा चमचा. पाक पडायचा, दोघांची बोटं परातीत फिरायची. परात तापलेली, पाठीमागून खिडकीची गार झुळूक. फिरता फिरता त्याचं बोट तिच्या बोटाला लागायचं आणि दोघंही तीळच बघत राहायचे.

"चटका बसला?"

"नाही."

चटका बसला होता, पण हात मात्र तिला काढायचा नव्हता.

दुपारी जेवणं झाली की परातीवर पातळ फडकं टाकून ते तळ्याकाठी जायचे. तळं म्हणजे केवढं, पलीकडचा काठ दिसायचा नाही. कडेला बर्फाचा पापुद्रा धरलेला, त्यावर पाऊल टाकलं की कुरकुर वाजायचा. वारा पडला की इतकं शांत व्हायचं की स्वतःच्या कोटाची सळसळ ऐकू यावी. देविकाला ही शांतता ओळखीची होती, तिच्या खोलीत रविवारी हीच असायची. पण इथे तिच्या शेजारी दुसऱ्या कोटाचीही सळसळ होती.

"नागपूरला काय मिस केलं सगळ्यात जास्त?" तो विचारायचा.

"कोणीतरी न सांगता घरात घुसणं."

"मी घुसू शकतो. मला दार उघडायला येते."

"दार उघडता येतं," ती सुधारायची. "आणि न सांगता घुसायला आधी शेजारी राहावं लागतं."

"लीड्स किती लांब आहे नागपूरपासून?"

"फार."

"हम्म," तो म्हणायचा, आणि बर्फाचा एक तुकडा पायाने हलकेच तळ्यात ढकलायचा.

साडेतीनलाच सूर्य डोंगराआड जायचा. परत येऊन दिवा लावायचा, स्टोव्हमध्ये लाकूड सारायचं, परातीशी बसायचं. आईचा फोन आला की नकुल आणि कुश हजेरी लावायचे. एकदा तर त्या दोघांचं चहावरून भांडणही झालं. रात्री अंथरुणावर पडल्यावर देविका दिवस मोजायची नाही असं ठरवायची, आणि मोजायची. रविवार आपल्या पावलांनी जवळ येत होता. पुन्हा ती खोली, पुन्हा ते बिलाचं मशीन, आणि मग विमान. जायचं तर होतं तिला, मनापासून जायचं होतं. पण आता इथून कोणीच हललं नसतं तर फार बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी मिहीरच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. सुमनताईंचा चेहरा पडद्यावर थोडा हलत होता. फोन त्यांच्या हातात होता.

"दाखव बघू. काटा फुटला का?"

मिहीरने नाइलाजाने फोन परातीवर धरला.

"हे काय रे? एवढेसेच दाणे? मी असते तर परवाच उतरवला असता." मग ज्या आवाजात त्यांनी हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टरांना फैलावर घेतलं असेल त्या आवाजात, "मिहीर. पाक किती घालतोयस?"

घसा खाकरणं. "अर्धा चमचा."

"अर्धा? अर्धा कोणी शिकवला तुला? लहानपणापासून बघतोयस, भरून चमचा घालायचा. अशाने हा होळीपर्यंत होईल!"

मिहीरचे कान लाल झाले. तो फोन फिरवायला गेला आणि नेमकी देविका पडद्यावर आली, परातीत बोटं घातलेली, बोटांना साखर लागलेली.

"नमस्कार काकू," ती म्हणाली.

सुमनताई बघत राहिल्या. तिच्याकडे, मग लेकाकडे.

"ही देविका," मिहीर म्हणाला. "शी इज... मदत करते."

"अस्सं," सुमनताई म्हणाल्या. आवाजातली डॉक्टरीण कुठल्या कुठे गेली. "मग वेळ लागणारच. असू दे. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केलं तरी चालतं." आणि त्यांनीच घाईने फोन ठेवून दिला.

खिडकीतून वारा आला. स्टोव्हमध्ये लाकूड तडकलं. देविकाने बोटं परातीतून काढली.

"म्हणजे अर्धा चमचा नसतोच," ती म्हणाली.

"नाही."

"पहिल्या दिवशी भरलेला होता."

"हो."

"मग?"

त्याने घसा खाकरला. पुन्हा खाकरला. या वेळी जुळवाजुळवीला फारच वेळ लागला.

"भरून घातला असता तर गुरुवारी झाला असता," तो म्हणाला. "मग मला थांबायला काही कारण नाही. तू रविवारी जाणार, मला माहीत होतं. तू सांगितलं होतं. मी थांब म्हणत नाही, देविका. तुझा घर तिकडे आहे. मला फक्त... हे हळू पाहिजे होतं. तू आवडते मला. एवढाच आहे."

या देशात आल्यापासून ज्याला त्याला देविकाशी लवकर आटपायचं होतं. मीटिंगवाल्यांना, शेजाऱ्यांना. आणि हा वेडा माणूस आईच्या शिव्या खाईन पण दोन-तीन दिवस जास्त मिळवीन, म्हणून अर्धा अर्धा चमचा पाक घालत बसला होता. तिच्यासाठी.

"मलाही आवडतोस तू," ती म्हणाली. "फार आवडतोस. पण मी जाणार, मिहीर. मला घरी जायचंय."

"आय नो."

"रडू नकोस."

"तू रडते आहे," तो म्हणाला, आणि ते बरोबर होतं.

तिने चमचा उचलला, पाकात बुडवला आणि काठोकाठ भरून परातीत सोडला. दोघांनी मिळून बोटं घातली. तो बाळाचा हलवा होता, पूर्ण व्हायलाच हवा होता. मग एकामागून एक भरले चमचे पडत गेले, आणि मध्यरात्रीपर्यंत तिळांचे पांढरेशुभ्र, काटेरी दाणे झाले होते, आणि या वेळी बोटाला बोट लागलं तेव्हा दोघांपैकी कोणीही तिळांकडे बघत नव्हतं.

रविवारी सकाळी मालकीणबाईंनी दोघांना बसथांब्यावर सोडलं. त्याची लीड्सच्या बाजूची बस थोडी उशिरा होती. तिची बस आधी. त्याने तिच्या हातात एक पुडी ठेवली. मूठभर हलवा होता.

"नागपूरला थंडी असते?" त्याने विचारलं.

"असते की. डिसेंबरात कडाक्याची. लोक दारात शेकोट्या पेटवतात."

"काटा येईल?"

देविकाने त्याच्याकडे पाहिलं. कानटोपी, लाल नाक, बोटांच्या टोकांना बसलेले चटके.

"खिडकी उघडी ठेवली तर येईल."

"मग मी परात घेऊन येतो. डिसेंबरात. ठेवशील उघडी?"

"आई ओरडेल," ती म्हणाली. "ठेवीन."

बस आली. तो हात हलवत राहिला, वळण येईपर्यंत. मग नुसतं तळं, मग तेही नाही. देविका बसमध्ये एकटी होती. पुडी मांडीवर ठेवून तिने आईला फोन लावला.

"निघाली का गं? सगळे आहेत नं सोबत?"

"आई, डिसेंबरात एक जण आपल्याकडे येतोय. लीड्सहून."

"येऊ दे नं! कोण, नकुल की कुश?"

देविकाने डोळे मिटले. दोन वर्षं हे वाक्य तिच्या घशाशी येऊन परत जात होतं.

"आई... ते दोघं एकच आहेत. मिहीर नाव आहे त्याचं. आणि बाकी कोणी नव्हतंच. सारा नाही, तनू नाही. दोन वर्षं मला इथे कोणीच नव्हतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"मला समजलं होतं त्याच दिवशी," आई म्हणाली. "आवाज वेगवेगळे काढत होता खरा, पण दोघंही बोलायच्या आधी सारखेच खाकरत होते."

"मग बोलली का नाहीस?"

आईने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"म्हटलं, एक तरी आहे."